जनावराचा कृत्रिम पाय: घडवणं सोपं, बसवणं अवघड

चंद्रपूरच्या जंगलात २०१२ साली शिकाऱ्यांनी लावलेल्या सापळ्यात एका वाघाचा पुढचा पंजा गेला. त्याचं नाव साहेबराव. पुढे त्याचा मुक्काम नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात पडला. तिथे अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. सुश्रुत बाभुळकर यांच्या पुढाकाराने जानेवारी २०२० मध्ये त्याला भूल देऊन कृत्रिम पाय बसवण्यात आला. वाघावर असा प्रयोग जगात पहिल्यांदाच होतोय, अशा बातम्या तेव्हा झळकल्या. वाघ शुद्धीवर आला आणि त्याने तो पाय काढून टाकला.

प्रयोग फसला, एवढंच म्हणून विषय संपवता येईल. पण जनावरांसाठी कृत्रिम अवयव बनवणाऱ्यांची मुख्य अडचण या एका प्रसंगात सापडते. प्लास्टिक, फोम, पट्टे, बिजागऱ्या सगळं बाजारात मिळतं आणि ते जोडून पाय तयार करणारे कारागीरही आहेत. मात्र 'थोडे दिवस टोचेल, मग सवय होईल' हे ज्याला पाय लावायचा त्याला समजावता येत नाही. टोचलंच, तर नेमकं कुठे टोचतंय हे त्याला सांगता येत नाही. माणसांसाठी काम करणारा तंत्रज्ञ निम्मी माहिती रुग्णाच्या तोंडून काढून घेतो. इथे ती सगळी डोळ्यांनी आणि बोटांनी काढावी लागते.

आधी पाय समजून घेऊ

दोन वेगळ्या वस्तूंची नेहमी गल्लत होते. पाय शाबूत आहे पण सांधा ढिला झालाय, लिगामेंट (म्हणजे हाडांना जोडून ठेवणारा बंध) तुटलंय किंवा नस मेल्यामुळे पंजा लोंबतोय, तेव्हा बाहेरून आधार देणारी वस्तू म्हणजे ब्रेस. पोलिओ झालेल्यांच्या पायाला असायचा त्या कॅलिपरच्या जातीतली. पायाचा काही भागच उरलेला नाही, तेव्हा त्याची जागा घेणारी वस्तू म्हणजे कृत्रिम पाय. मागचे दोन्ही पाय लुळे पडलेल्या कुत्र्याला जो चाकांचा गाडा लावतात तो तिसराच प्रकार. त्यात पायांकडून काम करून घ्यायचंच नसतं.

आता कुत्र्याचा मागचा पाय डोळ्यांपुढे आणा. मधोमध उलटा वळलेला जो कोपरा दिसतो, त्याला बहुतेक जण गुडघा म्हणतात. ती टाच आहे. खरा गुडघा त्याच्या वर, पोटाच्या जवळ, कातडीत झाकलेला असतो आणि आपल्यासारखाच पुढच्या बाजूला वळतो. कुत्रा, मांजर, वाघ हे सगळे बोटांवर चालतात, टाच कायम हवेत. गाय तर दोन बोटांच्या नखांवर उभी असते. ती नखं म्हणजेच खूर. घोडा पायागणिक एकाच बोटाच्या नखावर सगळं शरीर पेलतो. त्यामुळे माणसाच्या पायाचा आराखडा लहान करून कुत्र्याला लावता येत नाही, आणि कुत्र्याचा मोठा करून गाईला लावता येत नाही.

वजनाची वाटणीही सारखी नसते. डोकं, मान आणि छाती पुढे असल्यामुळे कुत्रा उभा असताना साधारण ६० टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो, ४० टक्के मागच्या दोनवर. तीस किलोचं लॅब्राडॉर शांत उभं असेल तर पुढच्या एकेका पायावर नऊ किलो येतात. तेच दुडक्या चालीने पळू लागलं की पाय टेकण्याच्या क्षणी एका पुढच्या पायावर त्याच्या अख्ख्या वजनाइतका किंवा थोडा जास्तच भार येतो, म्हणजे तीस किलोच्या वर. पुढचा पाय गमावलेल्या कुत्र्याची अडचण मागचा पाय गमावलेल्यापेक्षा मोठी का, याचं उत्तर या हिशेबात आहे.

हा भार पेलायला निसर्गाने पंजाखाली जाड, चरबीची गादी दिली आहे. नडगीवरच्या कातडीला ते काम कधीच करावं लागलेलं नाही. कृत्रिम पायात मात्र सगळं वजन त्या पातळ कातडीवर येतं. कातडी आणि प्लास्टिक जिथे भेटतात त्या जागेवर या धंद्यातलं निम्म्याहून जास्त कसब खर्ची पडतं.

ब्रेस काम कसा करतो

सांध्याला एका दिशेला वाकू द्यायचं नसेल तर तीन ठिकाणी दाब द्यावा लागतो. सांध्याच्या वर आणि खाली एका बाजूने, तर प्रत्यक्ष सांध्यापाशी विरुद्ध बाजूने. उंचावरून उडी मारून मनगटाचे बंध फाटलेला कुत्रा पुढच्या पायाचा तळवा पूर्ण जमिनीला टेकवून चालू लागतो. त्याच्या ब्रेसमध्ये मनगट मागच्या बाजूने पुढे ढकलायचं, आणि कोपराखालचा भाग व पंजा पुढच्या बाजूने मागे रेटायचा. ब्रेस जितका लांब, तितका त्या तिन्ही ठिकाणचा दाब कमी. म्हणूनच चांगला ब्रेस बघणाऱ्याला गरजेपेक्षा मोठा वाटतो आणि दुकानातल्या तयार, आखूड, मऊ कापडी पट्ट्यांनी सहसा काही साधत नाही. त्यांनी सांधा उबदार राहतो, मालकाला बरं वाटतं, बाकी वाकायचा तो वाकतोच.

आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसतो तो वेगळा त्रास. गाडीची धडक बसते, पुढचा पाय खांद्यापाशी ओढला जातो आणि तिथल्या नसा तुटतात. पाय दिसायला धड असतो, पण कुत्रा पंजा उलटा टाकून फरफटत चालतो. डांबरी रस्त्यावर काही दिवसांतच पंजाची वरची कातडी सोलून निघते आणि मग हाड उघडं पडतं. नस परत येण्याची शक्यता असेल तर तोवर पंजा सरळ धरून ठेवणं, एवढंच काम साध्या ब्रेसने होतं आणि त्याने पाय वाचू शकतो. खांद्यापासून सगळी जाणीवच गेलेली असेल, तर मात्र ब्रेसचा फारसा उपयोग नाही.

गुडघ्याच्या ब्रेसबद्दल थोडं सावध राहिलेलं बरं. कुत्र्यांमध्ये गुडघ्यातलं लिगामेंट तुटणं फार कॉमन आहे आणि त्यावर हाडाचा कोन बदलण्याची शस्त्रक्रिया करतात. ती महागडी असते, म्हणून ब्रेसकडे ओढा असतो. अमेरिकेत २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शस्त्रक्रिया केलेल्या आणि ब्रेस लावलेल्या, अशा दोन्ही गटांतल्या कुत्र्यांच्या मालकांना विचारलं गेलं. समाधानी मालक दोन्हीकडे बहुसंख्य होते. पण ब्रेसच्या गटातल्या जवळपास निम्म्या मालकांनी कातडीच्या जखमांची तक्रार केली. कुत्र्याची मांडी वर जाड, खाली निमुळती असते आणि तिच्यावरची कातडी सैल. ब्रेस तिथे टिकत नाही, घसरतो आणि घासतो. वय झालंय, हृदय कमकुवत आहे, भूल देता येत नाही, अशा कुत्र्याला ब्रेस जरूर द्यावा. पण तो शस्त्रक्रियेला पर्याय आहे असं छातीठोकपणे सांगणाऱ्याकडे मी तरी संशयाने बघेन.

साचा, प्लास्टर, प्लास्टिक

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. यंत्रांच्या आणि संगणकाच्या बातम्या कितीही आल्या तरी आजही बहुतेक ठिकाणी सुरुवात प्लास्टरनेच होते.

कुत्र्याला कुशीवर निजवतात. फार चुळबुळ करत असेल तर गुंगीचं हलकं औषध. एक जण डोक्याशी, एक जण पायाशी. पाय हातात लोंबता ठेवून माप घेतलं तर ते खोटं येतं. उभं राहिल्यावर सांध्याचा जो कोन असतो, नेमका त्याच कोनात पाय धरावा लागतो. पायावर आधी पातळ मोजा चढवतात. त्यावर ओलं झालं की उमटणाऱ्या पेन्सिलीने हाडांचे उंचवटे गोल करून ठेवतात. घोट्याच्या दोन बाजू, टाचेचं टोक, कोपराचा टणक कोपरा, जुनी जखम असेल तर तीही. मग पायाच्या पुढच्या बाजूने उभी एक प्लास्टिकची नळी ठेवतात आणि सगळ्यावर ओली फायबरग्लासची पट्टी गुंडाळतात. चार-पाच मिनिटांत पट्टी कडक होते. ती कापताना पातं नळीवरून चालवायचं, म्हणजे कातडीला लागत नाही. उघडून काढलेलं ते कवच परत चिकटवलं की पायाचा पोकळ ठसा हातात येतो.

त्यात मधोमध लोखंडी सळई ठेवून प्लास्टर ऑफ पॅरिस ओततात. दुसऱ्या दिवशी वरचं कवच सोलून काढलं की कुत्र्याचा पाय प्लास्टरमध्ये उभा. पेन्सिलीच्या खुणाही त्यावर उमटलेल्या असतात.

या टप्प्यापर्यंत कोणीही शिकून येऊ शकतो. पुढच्या पायरीला खरं कसब लागतं. हा प्लास्टरचा पाय जसाच्या तसा वापरत नाहीत. हाडाच्या प्रत्येक उंचवट्यावर आणखी थोडं प्लास्टर चढवतात आणि मांसल, मऊ जागी कानशीने खरवडतात. मूळ पायापेक्षा मुद्दामच वेगळा आकार घडवतात, कारण यावर जे प्लास्टिक ओढलं जाणार ते हाडापाशी थोडं सैल आणि मांसापाशी घट्ट बसायला हवं. दाब सोसू शकणाऱ्या जागांनी वजन उचलावं, न सोसणाऱ्या जागांना नुसता निवारा मिळावा. कुठे किती मिलिमीटर चढवायचं आणि किती काढायचं याचं कोष्टक असतं, पण जुने कारागीर डोळे मिटून अंगठा फिरवतात आणि ठरवतात.

मग पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचा तीन ते पाच मिलिमीटर जाडीचा पत्रा भट्टीत तापवतात. २०० अंश सेल्सिअसच्या आसपास तो पारदर्शक होऊन मधे झोळीसारखा लोंबू लागतो. तो झटकन उचलून प्लास्टरवर टाकायचा, कडा दाबायच्या आणि आतली हवा पंपाने ओढून घ्यायची. प्लास्टिक प्रत्येक खोलगट भागात चपखल बसतं. रात्रभर थंड होऊ देतात. घाईने काढलं तर ते आकसतं आणि वाकडं होतं. त्यानंतर कापणं, कडा घासून बाहेरच्या बाजूला किंचित वळवणं, आतून फोमचं अस्तर, बाहेरून वेल्क्रोचे पट्टे, लागेल तिथे बिजागरी आणि खाली रबरी तळवा. तळव्याकडे दुर्लक्ष झालं तर बाकीची मेहनत पाण्यात जाते. आपल्या घरांतल्या गुळगुळीत फरशीवर पाय एकदा सरकला की कुत्रा त्या पायावर भरवसा ठेवत नाही.

कृत्रिम पाय असेल तर दोन गोष्टी आणखी बघाव्या लागतात. लांबी सहसा दुसऱ्या पायापेक्षा किंचित आखूड ठेवतात, नाहीतर पाऊल पुढे टाकताना टोक जमिनीला अडतं. दुसरं म्हणजे पाय गळून पडू नये यासाठी टांगणी. माणसाच्या पायाला पोटरीचा, गुडघ्याच्या वाटीचा आधार घेता येतो. कुत्र्याचा पाय खाली निमुळता होत जातो आणि वर केसाळ, हलणारी कातडी. म्हणून वरच्या सांध्याच्याही वर पट्टा न्यावा लागतो किंवा छातीभोवती जाकीट घालून त्याला पाय अडकवावा लागतो.

थ्रीडी प्रिंटिंगने यातलं काय बदललं? अमेरिकेत २०१४ साली डर्बी नावाच्या, जन्मतः अर्धवट पुढचे पाय असलेल्या कुत्र्याला छापील पाय मिळाले आणि तो धावतानाचा व्हिडिओ जगभर फिरला. त्या पायांचं खालचं टोक पंजासारखं नव्हतं, गोल कड्यासारखं होतं, म्हणजे ते मातीत रुतत नव्हतं. डर्बीची वाढ झाली तसे नवे नमुने छापले गेले. छपाईचा खरा फायदा इथे आहे. आकार संगणकात राहतो, त्यामुळे पुढचा पाय करताना पुन्हा पहिल्यापासून ठसा घ्यावा लागत नाही. पण स्कॅन करताना जनावर हलतं, त्यामुळे पुष्कळदा आधी प्लास्टरचा ठसा घेऊन त्याचं स्कॅन केलं जातं. आणि घरगुती प्रिंटरमध्ये वापरतात ते पीएलए प्लास्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. मे महिन्यात विदर्भात उन्हात उभ्या केलेल्या गाडीत असा पाय विसरलात तर परत येईस्तोवर त्याचा आकार बदललेला असेल. हौशी मंडळींनी हे जरूर लक्षात ठेवावं.

गाय, हत्ती आणि शेपूट

कुत्रा तीन पायांवर आनंदाने जगतो. मागचा पाय वरपासून काढलेला, अंगाने हलका कुत्रा आठवड्या-दोन आठवड्यांत जिना चढू लागतो. त्याला कृत्रिम पाय लावण्याचा आग्रह बहुतेक वेळा मालकाच्या डोळ्यांसाठी असतो. त्याचं वजन आटोक्यात ठेवणं हा जास्त चांगला उपचार. गाईचं तसं नाही. तीन-चारशे किलोचं शरीर तीन पायांवर फार काळ उभं राहू शकत नाही. गाय बसून राहिली की खाली दबलेल्या पायाचे स्नायू काही तासांतच खराब व्हायला लागतात, आडवी पडून राहिली तर पोटात वायू साठतो, कातडीला फोड येतात. उठू न शकणारी गाय हळूहळू मरते. तिच्यासाठी कृत्रिम पाय ही जगण्या-मरण्याची बाब असते.

या कामात जयपूरचे पशुशल्यचिकित्सक डॉ. तपेश माथुर यांचं नाव आवर्जून घ्यायला हवं. एका जखमी वासराच्या निमित्ताने त्यांनी गुरांसाठी हलका, स्वस्त पाय तयार केला आणि वासराच्या नावावरूनच तो 'कृष्णा लिम्ब' (इंग्रजीतलं लिम्ब, म्हणजे हात-पाय) म्हणून ओळखला जातो. जागाही योगायोगाची नाही. जयपूर फूट याच शहरातला. कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस तो घडवला. जयपूर फूटच्या वरची नळी एचडीपीई पाइपची असते, म्हणजे शेतात पाण्यासाठी टाकतात तसल्या पाइपची. तो तापवून प्लास्टरच्या साच्यावर ओढायचा. महागडी भट्टी नको, परदेशी माल नको, आणि तुटला तर जवळपास दुरुस्त करता येतो.

गाईसाठी पाय करताना तिची उठबस बघितल्याशिवाय काम सुरूच करता येत नाही. गाय बसताना आधी पुढचे गुडघे टेकते. उठताना पुढच्या गुडघ्यांवर सगळं वजन घेऊन आधी मागचा भाग उचलते, मग एकेक पुढचा पाय सरळ करते. घोडा याच्या उलट, तो आधी पुढून उठतो. त्यामुळे गाईच्या पुढच्या पायाचं कवच गुडघ्याच्या खाली थांबायला हवं. गुडघा अडकला तर तिला उठताच येणार नाही. मागच्या पायात खालचा तळ घसरता कामा नये, कारण उठताना पहिला जोर तिथेच लागतो. शिवाय तो तळ शेण, गोमूत्र आणि चिखलात दिवसभर भिजणार. फोमचं अस्तर काढून धुता येईल असं नसेल तर आठवड्याभरात आत काय होतं ते सांगायला नको. वासराचं हाड वाढतं आहे, त्यामुळे त्याला दर काही महिन्यांनी नवं कवच लागतं.

याहून मोठं वजन बघायचं तर थायलंडमध्ये जावं लागेल. उत्तरेकडच्या लम्पांग प्रांतात सोराइडा सलवाला यांनी १९९३ साली हत्तींचं रुग्णालय काढलं. म्यानमारच्या सीमेवर लाकूड ओढणारी मोताला नावाची हत्तीण १९९९ साली भूसुरुंगावर पाय पडून जखमी झाली. २००६ साली मोशा नावाच्या सात महिन्यांच्या पिल्लाचं तेच झालं. माणसांचे कृत्रिम पाय करणारे डॉ. थर्डचाई जिवाकाते यांनी मोशासाठी पाय बनवला, तेव्हा तिचं वजन सहाशे किलोच्या आसपास होतं. दहाएक वर्षांत ते दोन हजार किलोंच्या पुढे गेलं. वजन तिप्पट झालं की पाय नुसता मोठा करून भागत नाही, कवचाची जाडी, तळाचा व्यास, पट्ट्यांची ताकद सगळं नव्याने मांडावं लागतं. मोशाला एकामागून एक नवे पाय करावे लागले. मोतालाला कायमस्वरूपी पाय मिळायला २००९ उजाडलं, म्हणजे अपघातानंतर दहा वर्षं.

डॉल्फिनची गोष्ट थोडक्यात सांगतो. फ्लोरिडात २००५ च्या डिसेंबरमध्ये खेकड्यांच्या सापळ्याच्या दोरीत अडकून विंटर नावाच्या पिल्लाची शेपूट गेली. डॉल्फिन शेपूट वर-खाली हलवतो. विंटर माशासारखी आडवी डोलत पोहू लागली आणि तिचा कणा वाकडा होण्याची भीती निर्माण झाली. शेपटी बनवण्यापेक्षा ती अंगाला टिकवणं कठीण होतं, कारण डॉल्फिनची कातडी ओली, गुळगुळीत आणि फार नाजूक. त्यासाठी तंत्रज्ञांनी एक मऊ, चिकट जेलचं अस्तर शोधून काढलं. तेच अस्तर पुढे पाय गमावलेल्या माणसांच्या कृत्रिम पायांत वापरलं जाऊ लागलं.

थेट हाडात बसवलेला पाय

कातडीच सगळ्या अडचणींचं मूळ असेल तर तिला वगळूनच काम का करू नये? हा प्रश्न डॉक्टरांनाही पडला. इंग्लंडमधले पशुशल्यचिकित्सक नोएल फिट्झपॅट्रिक यांनी २००९ साली ऑस्कर नावाच्या मांजराच्या मागच्या दोन्ही पायांच्या हाडांत धातूचे खुंट बसवले आणि त्यांवर कृत्रिम पंजे जोडले. ऑस्करचे पंजे कापणी यंत्राखाली गेले होते. अडचण अशी की खुंट कातडीतून बाहेर येतो, तिथे फट राहते आणि जंतू आत शिरतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी याचं उत्तर हरणाच्या शिंगात शोधलं. तिथे हाड कातडी भेदून बाहेर येतं, तरी कातडी त्याला घट्ट चिकटून राहते, कारण हाडाच्या त्या भागाला बारीक छिद्रं असतात. खुंटावर तशीच सच्छिद्र कड ठेवली.

व्हिएन्नात एका दाढीवाल्या गिधाडाच्या मादीलाही असा पाय मिळाला आणि तो प्रयोग २०२१ साली शास्त्रीय नियतकालिकात छापून आला. एवढा जड पक्षी एका पायावर उतरू लागला तर तोही पाय हळूहळू निकामी होतो, म्हणून हा खटाटोप. तंत्र देखणं आहे, पण ते मोजक्या ठिकाणीच उपलब्ध आहे. खर्च अवाढव्य, आणि जंतुसंसर्ग झाला तर उरलेला पायही जाऊ शकतो. आपल्या भागातल्या बहुतेक जनावरांसाठी पट्ट्यांचा, काढता-घालता येणारा पायच जास्त शहाणपणाचा.

घरी आणल्यानंतर

पहिल्या दिवशी पंधरा-वीस मिनिटं, तीही डोळ्यांसमोर. मग रोज थोडं थोडं वाढवत न्यायचं. काढल्यावर केस बाजूला करून कातडी बघायची. लाली अर्ध्या तासात गेली तर ठीक. नाही गेली तर त्या जागी दाब जास्त पडतोय, आणि कवच कारागिराकडे परत न्यायचं. तिथे ते गरम हवेने तापवून नेमकं तेवढंच बाहेर ढकलता येतं. पहिल्या महिन्यात दोन-तीन फेऱ्या होतातच, आणि त्या झाल्या नाहीत तर कोणीतरी नीट बघत नाहीये असं समजावं. नवी कोल्हापुरी चावली की आपण ती काढून ठेवतो, तेल लावतो, परत घालून बघतो. कुत्र्याकडे यातला एकच पर्याय असतो, तो म्हणजे ती वस्तू चावून टाकणं. सारखा चावत असेल तर हट्टी म्हणून त्याला रागवू नका, आतली कातडी बघा.

रात्री पाय काढायचाच. पावसाळ्यात तर दिवसातूनही एकदा काढून कोरडा करायचा. ओल, उष्णता आणि बारीकशी जखम एकत्र आली की माश्या बसतात आणि दोन दिवसांत जखमेत किडे पडतात. म्हणूनच रस्त्यावर राहणाऱ्या कुत्र्याला ब्रेस किंवा कृत्रिम पाय लावून परत सोडून देणं मला क्रूर वाटतं, मग हेतू कितीही चांगला असो. रोज काढणारं, बघणारं, पुन्हा घालणारं माणूस नसेल तर तो पाय इजाच करतो. अशा कुत्र्यासाठी आश्रयाची जागा आधी शोधावी, नाहीतर तीन पायांवर नीट भरून आलेली जखम बरी. वाघाच्या बाबतीतही अडचण हीच. भूल दिल्याशिवाय त्याचा पाय रोज कोण काढणार आणि कातडी कोण तपासणार?

लुळा पडलेला किंवा बरेच महिने उचलून धरलेला पाय जनावर वापरायचंच विसरतं. नवा पाय लावून ते आपोआप चालेल ही अपेक्षा चुकीची आहे. वजन हळूहळू त्या बाजूला झुकवणं, खाऊ दाखवून एकेक पाऊल टाकायला लावणं, गवतावर चालवणं, शक्य असेल तिथे पाण्यात चालवणं, यात काही आठवडे जातात.

सगळ्यात महत्त्वाचा निर्णय मात्र याच्या किती तरी आधी होऊन गेलेला असतो. अपघातात पाय चिरडला की सर्जन सहसा तो वरपासून, खांद्यातून किंवा मांडीतून काढतात. त्यामागे कारण आहे. पायाचा अर्धवट राहिलेला तुकडा कुत्रा जमिनीवर आपटतो आणि तिथे कायमची जखम होते. पण पाय वरून काढला की पट्ट्यांचा कृत्रिम पाय बसवायला जागाच उरत नाही. कोपराच्या किंवा गुडघ्याच्या खाली निम्म्याच्या आसपास तरी हाड शिल्लक हवं. कुत्रा मोठा आहे, पाय पुढचा आहे, किंवा दुसऱ्या पायांतही दोष आहे, असं असेल तर शस्त्रक्रियेच्या आधी डॉक्टरांना विचारा: पाय खालून कापला तर चालेल का, आणि टोकावर पुरेसं मांस व कातडी दुमडून शिवता येईल का? नंतर विचारून उपयोग नाही. एक्स-रे सोबत ठेवा, आणि घरच्या अंगणात चालतानाचा, बाजूने काढलेला व्हिडिओ फोनमध्ये असू द्या. दवाखान्याच्या टेबलावर घाबरलेलं जनावर लंगडायचं विसरतं.